तिने माफी मागायलाच नको होती

प्रश्न : कॉलेजात असताना एक कादंबरी वाचली. तेव्हापासून ती उशाशी आहे म्हटलं तरी चालेल, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते. यंदा तिच्यावर सिनेमा आला. हौसेने गेले आणि निम्म्यातूनच उठावंसं वाटलं. आत्याचं पात्र पार उडवलंय, तिची वाक्यं शेजारणीच्या तोंडी घातलीत. दोघं रात्रभर बोलत बसतात ते प्रकरण गायब. घर भलतंच मोठं. नायक पुस्तकात बुटका, इथे ताडमाड. मधेच एक गाणं. पावसातली पहिली भेट तेवढी बरी होती. आणि जी नायिका अख्ख्या पुस्तकात कुणाचीही माफी मागत नाही, ती शेवटी रडत माफी मागते! नवरा म्हणतो, 'तुझ्याबरोबर सिनेमा बघणं ही शिक्षा आहे.' त्याहून वाईट म्हणजे परवा पुस्तक उघडलं तर पानोपानी त्या नटीचाच चेहरा. वाचवेना. त्यात सोळा वर्षांची भाची म्हणाली, 'मावशी, सिनेमा मस्त आहे, आता पुस्तक कशाला वाचायचं? शेवट तर कळला.' मी तिला इतकं बोलले की ती आता माझ्याशी बोलत नाही. मी अती करते आहे का? असे सिनेमे बघणंच सोडावं का?
ता. क. दिग्दर्शकाला पत्र लिहायचं मनात आहे. लेखक हयात नाहीत. त्यांच्या वतीने कुणी बोलायला नको?
— एक हट्टी वाचक

उत्तर : कादंबरीचं आणि सिनेमाचं नाव तुम्ही कळवलं होतं, मी ते मुद्दाम गाळलं. नाहीतर त्या नटीला अभिनय येतो की नाही यावरच वाद रंगला असता आणि तुमचा प्रश्न बाजूला पडला असता.

तुमची तक्रारींची यादी मी दोनदा वाचली. सगळ्या तक्रारी तुम्ही एकाच पट्टीत केल्या आहेत. आत्या गेल्याचा जेवढा संताप, तेवढाच नायक उंच झाल्याचा, तेवढाच माफीचा. माझ्या मते यातली एकच तक्रार वजनदार आहे. बाकीच्या गर्दीत ती कुणाला ऐकूच जात नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही.

आधी आत्याचं बघू. पटकथेचा ढोबळ हिशेब असा की लिहिलेलं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाला १२० पानं मिळतात, तीही सुट्या सुट्या ओळींची. तुमची कादंबरी ४०० पानांची आहे. मोठ्याने वाचायला बसलात तर बारा-तेरा तास सहज जातील. तेव्हा पटकथाकार कामाला बसतो त्याच दिवशी हे ठरलेलं असतं की बहुतेक पुस्तक बाहेर राहणार. प्रश्न काय ठेवायचं एवढाच असतो.

काहीच गाळायचं नाही हा हट्टही एकाने करून पाहिला आहे. एरिक फॉन श्ट्रोहाइमने फ्रँक नॉरिसची 'मॅकटीग' ही कादंबरी जवळजवळ प्रसंगागणिक चित्रित केली. 'ग्रीड' या त्याच्या सिनेमाची पहिली आवृत्ती आठ तासांच्या घरात गेली. कंपनीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि १९२४ मध्ये लोकांना दाखवली तेव्हा ती अडीच तासांचीही उरली नव्हती. बाकीची फिल्म कायमची गेली. सेर्गेई बोंदार्चुकचं नशीब बरं. 'वॉर अँड पीस'साठी त्याला चार भागांत मिळून सुमारे सात तास मिळाले (१९६६-६७), कारण पाठीशी सोव्हिएत सरकार होतं. तरीही टॉलस्टॉयने शेवटी इतिहासावर जी लांबलचक चर्चा केली आहे, तिला त्यात जागा झाली नाही. ती नाही म्हणून हळहळणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे.

आपल्या घरातलं उदाहरण याच्या उलट आहे. 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. विजय तेंडुलकरांनी दोन्हींची मिळून एक पटकथा केली आणि जब्बार पटेलांनी ती पडद्यावर आणली. दोन कादंबऱ्या एका सिनेमात बसवायच्या म्हणजे किती फेकावं लागलं असेल! पण सत्तेसाठी कोण कुणाला कसं वापरतं आणि ते रोज जवळून बघणाऱ्या पत्रकाराची काय गत होते, हा साधूंचा धागा तेंडुलकरांनी हातचा सोडला नाही. म्हणून दोन्ही पुस्तकं वाचलेली माणसंही हा सिनेमा आपला मानतात.

तेव्हा आत्या गेली तर जाऊ द्या. ती पुस्तकात ज्या कामासाठी होती ते काम पडद्यावर कुणी केलं का, एवढं बघा. तुम्हीच लिहिलंय की तिची वाक्यं शेजारणीला दिली. म्हणजे पटकथाकाराने आत्या नीट वाचली होती. तिला काढताना तिच्याजवळचं सामान त्याने सांभाळून ठेवलं. घर मोठं आहे, नायक उंच आहे, यावर मी वेळ घालवत नाही, तुम्हीही घालवू नका. गाण्याची बाजू मात्र मी घेणार नाही.

रात्रभराच्या बोलण्याचं प्रकरण गेलं, याचं वाईट वाटणं समजू शकतं. कादंबरीला माणसाच्या डोक्यात शिरायला दार लागत नाही. 'ती हसली, पण आतून तिला हे सगळं संपावंसं वाटत होतं' हे वाक्य लेखक एका ओळीत लिहून मोकळा होतो. कॅमेऱ्याला फक्त हसणं दिसतं. आतलं दाखवायचं तर नटीचे डोळे, एखादी थांबलेली हालचाल, बाहेरचा आवाज, असं काहीतरी नवं शोधावं लागतं. जो दिग्दर्शक ते शोधतो, तो पुस्तकाशी सगळ्यात प्रामाणिक असतो, आणि पुस्तकप्रेमी नेमके त्याच्यावरच चिडतात, कारण 'हे पुस्तकात नव्हतं'.

'पथेर पांचाली'चं बघा. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीत दुर्गाला आगगाडी बघायची असते आणि ती न बघताच दुर्गा मरण पावते. तिच्या वाट्याला काय आलं नाही हे वाचकाला पुढे कितीतरी वेळ सलत राहतं. सत्यजित राय यांनी १९५५ च्या सिनेमात बहीणभावाला थेट काशाच्या फुलांतून रुळांकडे पळवलं. आता हट्टी वाचकाने इथे उठून जायला हवं, नाही का? पण नीट बघा. पळता पळता दुर्गा अडखळून पडते. रुळांपर्यंत अपू पोचतो. गाडी धडधडत जाते ती त्याच्या डोळ्यांसमोरून, दुर्गा मागेच राहते. प्रसंग बदलला आणि पुस्तकातली सल जागच्या जागी राहिली. त्याच सिनेमात म्हातारी इंदिर ठाकरुण कादंबरीपेक्षा बराच काळ जगते. पुस्तकात ती फार लवकर जाते, इथे मुलांनाच तिचा मृत्यू सापडतो. राय यांनी हे कादंबरी विसरून केलं नव्हतं. या पुस्तकाच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनीच काढली होती, म्हणजे सिनेमाच्या कितीतरी आधी ते त्या पानांत राहून आले होते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. आर. के. नारायण यांच्या 'द गाइड' (१९५८) या कादंबरीचा शेवट आठवा. (वाचली नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा, मी शेवट सांगणार आहे.) चुकून साधू ठरलेला राजू पावसासाठी उपास धरून बसलाय, अंगात त्राण नाही, नदीच्या पात्रात उभा राहून तो म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, मला पायाखाली जाणवतोय. आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच आला का? राजू मेला का? ढोंगी माणूस शेवटी खरा झाला, की भुकेने त्याला भास झाला? नारायण सांगत नाहीत. पुस्तक तिथेच संपतं आणि वाचक त्या प्रश्नासकट घरी येतो.

१९६५ च्या हिंदी 'गाइड'मध्ये धो धो पाऊस पडतो. राजू मरतो आणि त्याचं संतपण पक्कं होतं. आधी नायिकेच्या, रोझीच्या बाबतीतही हेच झालंय. कादंबरीतला तिचा नवरा कोरडा आहे, लेण्यांत बुडालेला आहे, त्याला बायको दिसतच नाही. एवढ्यावर रोझी दुसऱ्या पुरुषाकडे जाते आणि तिला काय म्हणायचं हे नारायण आपल्यावर सोडतात. सिनेमात त्या नवऱ्याला परस्त्रीबरोबर पकडून दिलं आहे, म्हणजे नायिकेला माफ करणं प्रेक्षकाला सोपं जावं. नारायण या सिनेमावर नाराज होते आणि 'मिसगाइडेड गाइड' असं शीर्षक देऊन त्यांनी त्याबद्दल लिहिलंही. मला तो सिनेमा फार आवडतो. विजय आनंद यांचं दिग्दर्शन, वहीदा रहमान यांचा नाच, सचिनदेव बर्मन यांचं संगीत, काय काय सांगू. पण ज्या शंकेवर कादंबरी उभी होती ती शंकाच त्याने पुसून टाकली, हेही तितकंच खरं. दोन्ही मतं मी बाळगून आहे आणि त्यांची आपसात भांडणं होत नाहीत. तुम्हालाही हे जमेल असं वाटतं.

कधी दिग्दर्शकाच्या हातातच काही नसतं. दाफ्ने दु मोरियेच्या 'रेबेका'त नवऱ्याने पहिल्या बायकोला, म्हणजे रेबेकाला, गोळी घातलेली असते, आणि हे कळल्यावरही कथा सांगणारी तरुणी त्याच्या बाजूने उभी राहते. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो खुनामुळे नव्हे, तिला हे ऐकून हायसं वाटतं म्हणून. नवऱ्याचं त्या पहिल्या बायकोवर प्रेम नव्हतं ना, मग झालं! १९४० मध्ये हिचकॉकने सिनेमा केला तेव्हा हॉलिवूडची आचारसंहिता कडक होती, खून करून नायक सुखरूप सुटतो असं दाखवायला परवानगी नव्हती. मग रेबेका पडून डोक्याला मार लागून मेली. खून अपघात झाला आणि त्या तरुणीने केलेल्या निवडीतलं विषच उतरलं. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, ते वेगळं.

आता तुमच्या माफीकडे येते. अख्ख्या पुस्तकात ती बाई माफी मागत नाही. नवरा मागायला सांगतो, आई सांगते, एका टप्प्यावर वाचकालाही वाटतं की बाई, म्हण एकदा 'चुकलं' आणि मोकळी हो. ती म्हणत नाही आणि त्याची जी किंमत पडते ती मोजते. चारशे पानं या एका न उच्चारलेल्या शब्दासाठी लिहिलेली आहेत. सिनेमाने तो शब्द तिच्या तोंडून वदवला. आत्या, घर, उंची, गाणं, रात्रीचं प्रकरण, सगळं जसंच्या तसं ठेवून हा एकच प्रसंग बदलला असता तरी सिनेमा दुसऱ्याच बाईचा झाला असता. आणि हा एक प्रसंग राखून बाकी सगळं बदललं असतं, तर माझा अंदाज आहे की तुम्ही कुरकुरत का होईना, पण सिनेमा पूर्ण बघितला असता आणि निघताना डोळे पुसले असते. त्यामुळे 'मी अती करते का' याचं उत्तर असं की आत्यासाठी करता, माफीसाठी नाही. तो राग अजिबात सोडू नका.

चेहऱ्याचं दुखणं वेगळं आहे आणि ते तुमच्याआधी खुद्द लेखकांना झालेलं आहे. १९१५ मध्ये 'मेटामॉर्फोसिस' ही माणसाचा किडा होतो ती गोष्ट पुस्तकरूपात येत होती तेव्हा काफ्काने प्रकाशकाला कळवलं की तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. मुखपृष्ठावर किडा आला नाही. एक माणूस हातांनी तोंड झाकून दारापासून दूर चाललाय आणि मागे दार किलकिलं आहे, एवढंच आलं. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरही आपल्या पुस्तकात चित्रं घालायच्या विरोधात होता. चित्रातली बाई एकाच बाईसारखी दिसते, असं त्याचं म्हणणं. गाब्रिएल गार्सिया मार्केसने तर 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'वर हयातीत सिनेमा होऊ दिला नाही. आणि हा माणूस सिनेमाचा शत्रू नव्हता, स्वतः पटकथा लिहायचा. वाचकांनी त्या पात्रांना आपल्या नात्यातल्या माणसांचे चेहरे द्यावेत असं त्याला वाटे. तो २०१४ मध्ये गेला आणि मुलांच्या संमतीने २०२४ च्या डिसेंबरात त्यावर मालिका आली.

पण एक प्रयोग करून बघा. सिनेमा येण्याआधीची तुमची नायिका आठवा. तिचं नाक कसं होतं? हनुवटी? भुवया जाड की बारीक? बहुतेक सांगता येणार नाही, कारण लेखकाने ते लिहिलेलंच नसेल आणि तुम्हीही ते कधी पुरं केलेलं नसेल. तुमच्याकडे होती ती तिची चाल, बोलण्याची ढब, उत्तर द्यायच्या आधी ती किती थांबते ते. नटीने त्यावर नाकडोळे आणून बसवले. ठसठशीत असल्यामुळे ते आधी दिसतात, इतकंच. खालचं सगळं शाबूत आहे.

ते वर यावं म्हणून दोन गोष्टी करा. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नका. सिनेमाने जी प्रकरणं गाळली तिथून सुरू करा, म्हणजे तुमचं ते रात्रीचं बोलणं, आत्याची प्रकरणं. त्या पानांवर ती नटी कधी आलेलीच नाही, तिच्याकडे तिथे करण्यासारखं काही नाही. आणि मोठ्याने वाचा. कानात आवाज तुमचा असला की चेहरा आपोआप मागे सरतो. तरी हटला नाही तर काही महिने पुस्तक ठेवून द्या. इतकी वर्षं तुमच्याजवळ राहिलेली बाई एका सिनेमाने घर सोडून जाणार नाही.

भाचीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने नाही. कादंबरीतल्या बाईने माफी मागितली नाही हे तिचं बरोबर असेल, तुम्ही मात्र भाचीची मागा. सोळाव्या वर्षी एखादी गोष्ट 'मस्त' वाटली आणि ती सांगायला पोर तुमच्याकडे आली, याहून जास्त काय हवं होतं? तिला विचारा, काय आवडलं. ती कदाचित त्या गाण्याचं नाव घेईल. ऐकून घ्या. मग फक्त एवढंच सांगा की शेवट कळला असं तुला वाटतं, पण पुस्तकात ती माफी मागत नाही. का मागत नाही, ते सांगू नका. तीनशे नव्वदाव्या पानावर बोट ठेवून 'इथून पुढे वाच' म्हटलंत तरी चालेल. शेवटची दहा पानं आधी वाचून मग पहिल्या पानावर गेलेले वाचक काही कमी नाहीत. आणि तिने नाहीच वाचलं तर तिच्यापुरता तो सिनेमा हीच गोष्ट राहील. तेही चालतं.

सिनेमे बघणं सोडावं का? नको. पण सिनेमाला जायच्या आठवड्यात पुस्तक उजळून जाऊ नका, अंधारात बसून तुम्ही हजेरी घेत राहाल आणि कोण गैरहजर एवढंच दिसेल. आणि मधूनमधून ज्या कादंबऱ्या तुम्ही वाचलेल्या नाहीत त्यांच्यावरचे सिनेमे आधी बघा, पुस्तक मग वाचा. सिनेमाने काय उचललं, काय टाकलं हे उलट्या बाजूने फार नीट दिसतं, आणि चिडायचं कारण नसल्याने डोकं शांत असतं. नवऱ्यालाही जरा सुट्टी मिळेल.

राहिलं पत्र. लेखकाच्या वतीने लिहू नका. हयात असलेले लेखकसुद्धा यात एकमताने वागत नाहीत. मिखाएल एंडे आपल्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' या कादंबरीवरच्या सिनेमावरून कोर्टात गेला आणि हरला. स्टीफन किंगला कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) मुळीच पटला नाही. १९९७ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून त्याच कादंबरीची टीव्ही मालिका केली, आणि आज लोकांच्या लक्षात आहे तो कुब्रिकचाच सिनेमा. तुमच्या लेखकाला ती माफी कशी वाटली असती हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. तुम्हाला कशी वाटली ते ठाऊक आहे. तेवढंच लिहा, स्वतःच्या नावाने, एका पानात. आत्या, उंची, घर यांचा उल्लेखही नको. शेवटचा प्रसंग घ्या, कादंबरीतलं पान नमूद करा आणि विचारा की तिला माफी मागायला लावावी असं कुणाला वाटलं आणि का. खरंखुरं उत्तर यायची शक्यता अशाच प्रश्नाला असते. आणि पावसातल्या पहिल्या भेटीबद्दल तुम्ही मला जे घाईत लिहून टाकलंय, की ती तेवढी बरी होती, ते त्या पत्रात सगळ्यात वर घाला.